प्रोव्हान्स, दुपारी दोननंतर

फ्रान्सच्या खेड्यात दुपारी दोन वाजता हॉटेलचं स्वयंपाकघर बंद होतं. मी पुण्यात वाढलो आहे, त्यामुळे दुपारी दुकानं बंद असण्याचं मला काही वाटत नाही. पण पुण्यात जेवणाच्या वेळी जेवण मिळतं. इथे तुमची जेवणाची वेळ कोणती, हे तुम्हाला विचारत नाहीत. बारा ते दोन. मग थेट संध्याकाळी सात, साडेसात. मधल्या वेळात उपाशी माणसाने काय करायचं? तर निसर्ग बघायचा.

आम्ही तो दोन दिवस बघितला.

फ्रान्समधल्या लिऑं शहरात राहणाऱ्या मराठी माणसांना जुलै लागला की लव्हेंडर आठवतं. दक्षिणेकडच्या प्रोव्हान्समध्ये, वालांसोलच्या पठारावर जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत जांभळ्या ओळी दिसतात, मग कापणीची यंत्रं येतात आणि खुंट उरतात. म्हणजे हाताशी मोजून दोन-तीन शनिवार-रविवार, आणि त्याच दिवशी अर्धा युरोप समुद्राकडे निघालेला. इथे सरकारची ‘बायसन फ्युते’ नावाची सेवा आहे. कुठल्या दिवशी रस्त्यावर किती गर्दी असेल ते ती हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा अशा रंगांत आधीच सांगते. आमचा शनिवार लाल होता. आमच्या अण्णाने सहलीच्या एक्सेलमधल्या त्या दिवसाच्या रकान्यालाही लाल रंग भरला आणि तेवढ्यावर त्याचं समाधान झालं.

अण्णाकडे नियोजन, बाळ्याकडे स्टिअरिंग, चिमीकडे पांढरा झगा आणि परातीएवढी गवती हॅट. माझ्याकडे काहीच खातं नसल्यामुळे हॅट माझ्या मांडीवर. ती चुरगळू नये म्हणून ए-सात महामार्गावर पाच तास मी हात वर धरून बसलो होतो. टोलनाक्यावरच्या माणसाला वाटलं असेल, गाडीत कुणी ओलीस आहे.

वालांसोलला पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. “आधी जेवू या,” मी म्हणालो. “ऊन डोक्यावर आहे, फोटो वाईट येतील, तेवढे पटकन उरकू,” चिमी म्हणाली. फोटो वाईट येणार असतील तर ते आधी का काढायचे, हे मला अजून कळलेलं नाही.

रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग. शेताच्या तोंडाशी फुलं तोडू नका अशी पाटी. आत दर दोन ओळींमागे एक पांढरा झगा. सगळ्यांना आपल्यामागे रिकामं पठार हवं होतं, त्यामुळे पाठमोरी चालणारी चिमी पाठमोऱ्या चालणाऱ्या एका कोरियन नववधूवर आदळली. दोघी एकमेकींना ‘पार्दों’, म्हणजे माफ करा, म्हणाल्या आणि एकमेकींच्या चौकटीतून बाहेर पडायला धावल्या. मधमाश्या हजारोंनी होत्या, पण त्यांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्या पठारावर वेळेवर जेवत होत्या त्या फक्त मधमाश्या.

“वास कसा येतोय ना? आरती झाल्यावर देव्हाऱ्यात येतो तसा,” चिमी नाक मुरडत म्हणाली. अत्तराची कुपी उघडल्यासारखं होईल अशी तिची अपेक्षा होती. अण्णा याच क्षणाची वाट बघत होता. “कारण हे लव्हेंडर नाहीच!” तो म्हणाला. “हे लव्हांदँ. संकरित. खालच्या पठारांवर जास्त करून हेच लावतात. तेल भरपूर निघतं, पण त्यात कापूर असतो. साबणात, धुण्याच्या पावडरीत जातं ते. अस्सल लव्हेंडर उंचावर होतं. सो नावाच्या गावी. उद्या दुपारी तीन ते साडेचार.”

आम्ही चारशे किलोमीटरच्या आसपास गाडी मारून धुण्याच्या पावडरीबरोबर फोटो काढले होते. आणि दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

गावातल्या पहिल्या हॉटेलात लोक जेवत होते. ताटं भरलेली, पाव टोपल्यांत. मालकाने आमच्याकडे बघून घड्याळाकडे बघितलं आणि खांदे उडवले. दुसऱ्या हॉटेलातही खांदेच उडाले. तिसरीकडे आईस्क्रीम मिळालं. लव्हेंडरचं. भूक लागलेली असताना थंडगार साबण कसा लागतो हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याने जरूर खावं. बाळ्याने दोन गोळे खाल्ले आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलला नाही.

रात्री मुक्कामाच्या घरी मॅगी.

रविवारी सकाळी रूसियॉं. हे गाव गेरूच्या डोंगरावर वसलंय. भिंती लाल, नारिंगी, पिवळ्या, आणि खाणींतून फिरायला पायवाट. तिथे पांढरे कपडे घालून जाऊ नये, असं जो तो सांगतो. चिमीने तो सल्ला ‘इतरांसाठी’ या सदरात टाकला. पाऊण तासाने झगा गुडघ्यापर्यंत तुळशीवृंदावनाच्या रंगाचा झाला होता. “लाल मातीवर जांभळं उठून दिसेल,” बाळ्या म्हणाला. रविवारचं त्याचं हे पहिलंच वाक्य. ते चिमीला आवडलं नाही.

पुढे गॉर्द गावाच्या खालच्या दरीतला सेनांकचा मठ. १९४८ नव्हे, ११४८ साली स्थापन झालेला. अण्णाने हे दोनदा सांगितलं. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचे साधू अजून तिथे राहतात, लव्हेंडर लावतात. शेतात शिरायचं नाही, शांतता पाळायची. पोचलो तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं कमी. माझ्या पोटाने शांतता पाळली नाही.

“चला आता,” मी कुजबुजलो.

“एक्सेलमध्ये पाऊण तास आहे,” अण्णा कुजबुजला.

“त्या एक्सेलमध्ये जेवणाचा रकाना कुठे आहे?”

“तो ‘इतर’मध्ये आहे.”

मराठी माणसाला भांडताना आवाज खाली ठेवायची सवय नाही. कुजबुजत भांडायला गेलं की सगळा जोर हातांत आणि डोळ्यांत उतरतो. बाळ्या मुठी आवळून कुजबुजत होता, चिमी हॅट आपटून. एका फ्रेंच आजींनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांच्या दुसऱ्या हातात सँडविच होतं. एवढा शांतपणा मलाही परवडला असता.

गॉर्दमध्ये सगळं भरलेलं. रविवारचं जेवण इथे सहकुटुंब असतं, टेबलं आधीच राखलेली. बेकऱ्याही दुपारी मिटलेल्या. शेवटी घाटाखालच्या एका गावात, झाडाखाली मांडलेल्या टेबलांशी, पावणेदोनला आम्ही उभे राहिलो. मालकीणबाईंनी घड्याळ बघितलं. मग चिमीचा झगा बघितला. त्या गेरूने काम केलं असावं. “लगेच ऑर्डर देणार असाल तर बसा.”

आम्ही एका मिनिटात ऑर्डर दिली. त्यानंतर घाई कुणालाच नव्हती. आधी पाव आला, पाण्याची सुरई आली. वीस मिनिटांनी सॅलड. शाकाहारी अण्णाच्या सॅलडमधून त्यांनी हॅम काढलं होतं आणि जागा भरून काढायला जास्तीची पानं घातली होती. मग मटण, ते शिजतंय की अजून चरतंय, असा मला संशय आला होता, पण आलं तेव्हा बाळ्याचे डोळे पाणावले. मग बकरीचं चीज, चेस्टनटच्या पानात बांधलेलं. मग गोड. मग कॉफी. बिल मागितल्यावर मालकीणबाई ‘हो हो’ म्हणून आत गेल्या त्या शेजारच्या टेबलावरच्या बाळाला खेळवायला.

साडेचार वाजले होते. सोला जायला तासभर, आणि तिथून लिऑंला परतायचं तर ए-सातवर रविवारचा रंगही लालच. अण्णाने फोन काढला, ‘अस्सल लव्हेंडर’ ही ओळ निवडली आणि पुसली. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

“पण सोला १५ ऑगस्टला लव्हेंडरचा मोठा उत्सव असतो,” तो थोड्या वेळाने म्हणाला. “सुट्टीही आहे त्या दिवशी.”

“जायचं,” बाळ्या सुरीने चीज पावाला लावत म्हणाला. “टेबल बाराचं घे.”