दम्याला माफी नाही

आमच्या घरात दोन जुनाट दुखणी आहेत. नवऱ्याला मधुमेह, मला दमा. दोघांचीही औषधं जन्माची. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये एकाच केमिस्टकडून आणतो. त्याला एक पेनीही पडत नाही, मला दर औषधामागे ९.९० पाऊंड. दम लागला की ओढायचा निळा पंप आणि दमा आटोक्यात ठेवायला रोज घ्यायचा तपकिरी पंप, झाले १९.८०. त्याच्याकडे औषधांचे पैसे माफ करणारं सरकारी कार्ड आहे आणि ते नुसतं मधुमेहापुरतं नाही. मध्यंतरी त्याचा कान दुखत होता, तर अँटिबायोटिकही फुकट.

त्याला मिळतं ते मिळायलाच हवं. माझा राग त्या यादीवर आहे. इंग्लंडमध्ये कुठल्या आजाराला माफी, हे आजही मुळात १९६८ सालच्या यादीवरून ठरतं. मधुमेह आहे, पण गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तरच. नुसत्या पथ्यावर साखर आटोक्यात ठेवणाऱ्याला नाही. थायरॉईड कमी असणं, फिट्स, अ‍ॅडिसन हा अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा आजार, असे मोजके आजार आहेत. २००९ मध्ये कॅन्सर आला. दमा नाही, पार्किन्सन नाही. सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसांत चिकट कफ साठणाऱ्या जन्मजात आजाराची मुलं त्या काळी बहुतेक लहानपणीच जायची. आज ती मोठी होतात, नोकरी करतात आणि जिवंत राहण्याच्या औषधांचे पैसे भरतात!

२०१० मध्ये डॉक्टर सर इयन गिलमोर यांनी सरकारसाठी केलेला अहवाल प्रसिद्ध झाला, की सगळ्याच दीर्घ आजारांना माफी द्या. सरकार बदललं, अहवाल तसाच राहिला. वेल्सने २००७ मध्ये सगळ्यांनाच औषधं मोफत केली, पुढे उत्तर आयर्लंडने आणि २०११ मध्ये स्कॉटलंडनेही. माझी मावसबहीण कार्डिफला राहते, तिलाही दमा आहे. सेव्हर्न नदीच्या पलीकडे, वेल्समध्ये, तोच तपकिरी पंप तिला फुकट मिळतो.

लोक म्हणतात, इंग्लंडमध्येही दहातली जवळपास नऊ औषधं मोफतच जातात. खरं आहे. साठीच्या पुढचे, लहान मुलं, गरोदर बायका यांना माफी आहेच. म्हणजे उरलेला भार कमावत्या वयातल्या आजारी माणसावर.

मी शिकायला आले तेव्हा पैसे वाचवायला तपकिरी पंप घेणं सोडलं होतं. निळ्याने लगेच मोकळं वाटायचं, म्हणून त्याच्यावरच भागवलं. जानेवारीतल्या एका रात्री वाक्य पुरं बोलता येईना. मैत्रिणीने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलमधले ते दोन दिवस मी विसरलेले नाही.

म्हणून इथल्या आपल्या लोकांना कळकळीने सांगते. मधुमेहाची किंवा कमी थायरॉईडची गोळी सुरू झाली की डॉक्टरांच्या दवाखान्यात माफीच्या कार्डाचा एफपी९२ए फॉर्म मागा. कार्ड आपोआप येत नाही. नवऱ्याने कार्डाआधीच औषधाच्या चिठ्ठीवर ‘मोफत’वर खूण केली आणि एका औषधावर दंडासह ५९.४० पाऊंड भरायचं पत्र घरी आलं. कार्ड पाच वर्षांचं असतं, तारीख लक्षात ठेवा. यादीत नसाल आणि वर्षाला बारा किंवा जास्त औषधं लागत असतील, तर ११४.५० पाऊंडांचं वर्षाचं प्रीपेमेंट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे वर्षभराच्या औषधांचे पैसे एकदाच आगाऊ. दहा हप्त्यांत भरता येतं. मला ते दोन वर्षं कोणी सांगितलंच नव्हतं.

सप्टेंबरमध्ये पुण्या-नाशिकहून मुलं शिकायला येतील. व्हिसासोबत वर्षाला ७७६ पाऊंड आरोग्य अधिभार भरून येतात, त्यांना वाटतं सगळं त्यातच आलं. तुमच्या ओळखीत दम्याचं कोणी असेल तर त्याला माझा नंबर द्या. तपकिरी पंप सोडण्याआधी त्याने मला एक फोन करावा.