ज्वारीचं पीठ घातलं की झाला ग्लुटेन-फ्री ब्रेड?

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ग्लुटेन-फ्री ब्रेडची महागडी पाकिटं कशाला आणता? नेहमीच्या रेसिपीत मैद्याऐवजी तेवढंच ज्वारीचं पीठ घ्या, भरपूर मळा, दुप्पट फुगू द्या आणि भाजा. ज्वारी नसेल तर खपली गहू किंवा रवा चालेल, कारण त्रास संकरित गव्हाचा आहे. पीठ कोपऱ्यावरच्या गिरणीतलं घ्या, ते सगळ्यात शुद्ध. आणि ग्लुटेन तर सगळ्यांनीच सोडावं, तपासण्यांच्या भानगडीत पडू नये.

पाकिटं महाग आहेत, एवढं मान्य. पुढचं एकेक बघू.

ज्वारीची भाकरी थापणाऱ्या कुणालाही पिठाचा स्वभाव माहीत असतो. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापतानाच कडेला फाटते. मग उकळतं पाणी घालून पीठ भिजवायचं. त्या पाण्याने पिठातला स्टार्च चिकट होतो आणि भाकरी धरून राहते. पण हे झालं भाकरीपुरतं. ब्रेडमध्ये यीस्टने सोडलेला वायू पिठाच्या आत कोंडून धरावा लागतो, आणि गव्हात ते काम ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन या प्रथिनांची जाळी, म्हणजेच ग्लुटेन, करते. ज्वारी, तांदूळ, नागली यांत ती जाळी तयारच होत नाही. त्यामुळे नुसतं पीठ बदललं तर हाती येतो खाली बसलेला, सुरी लावली की भुगा होणारा ठोकळा.

त्या जाळीची जागा घेणारी वस्तू मेडिकलच्या दुकानात मिळते: इसबगोल. साधा, बिनचवीचा घ्यायचा. संत्र्याच्या स्वादाचा नको. एका लोफसाठी तांदळाचं पीठ १५० ग्रॅम, ज्वारीचं १०० आणि कॉर्नफ्लोअर १०० ग्रॅम धरा. इसबगोल २० ग्रॅम. तो आधी ३८० मिली कोमट पाण्यात ढवळून दहा मिनिटं ठेवायचा, म्हणजे चमच्याला लोंबणारी जेली होते. ही जेलीच वायू धरते. मग त्यात पीठं, चमचाभर साखर, मीठ, दोन चमचे तेल आणि ७ ग्रॅम कोरडं यीस्ट. पाण्याचं वजन पिठाच्या वजनापेक्षा जास्त होतं, हे बघून गव्हाची सवय असलेला माणूस बिचकतो आणि वरून पीठ घालतो. तेवढं टाळा.

आता ‘भरपूर मळा’. जाळीच नाही तर मळून काय ताणायचं? मिश्रण एकजीव झालं की थेट तेल लावलेल्या टिनमध्ये भरा आणि ओल्या हाताने वरून सारखं करा. फुगवणं एकदाच, तेही दीडपटीपर्यंत. दुप्पट होईपर्यंत थांबलात तर ओव्हनमध्ये तो मधोमध खचतो. नाशिकच्या डिसेंबरात घड्याळ बघून चालत नाही. निफाडचा पारा एक आकड्यावर उतरतो तेव्हा इथेही यीस्ट आळसावतं. टिन बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवा. मग २०० अंशांवर तासभर भाजा. आणि गरम असताना कापू नका, आतून गिच्च लागेल.

खपलीचा दावा मात्र घातकच आहे. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन असतं. रवा, मैदा, दलिया, शेवया हाही गहूच. जव आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) यांतली प्रथिनंही सिलिॲक, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार, असलेल्याला बाधतात. ‘संकरित गव्हामुळे’ म्हणणाऱ्यांनी तारखा तरी बघाव्यात: नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गहू आणि सिलिॲकचा संबंध १९५० च्या प्रबंधात मांडला. हरितक्रांतीचे बुटके गहू आपल्याकडे आले ते १९६० च्या दशकात.

गिरणीचं तर विचारूच नका. पीठ ताजं असतं, शंका नाही. पण आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू त्याच जात्यातून गेलेला असतो, आणि तुमच्या ज्वारीचं पहिलं पीठ त्याचा उरलासुरला गहू घेऊनच डब्यात पडतं. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, नियमानुसार ग्लुटेन-फ्री म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. डोळ्यांना दिसणारी चिमूटही त्याहून कितीतरी जास्त ठरू शकते. म्हणून सिलिॲकचा रुग्ण घरात असेल तर निवडलेलं धान्य घरघंटीत दळा, आणि त्या घरघंटीत गहू कधीच टाकू नका. चपातीचं लाकडी पोळपाट-लाटणं, चाळणी, टोस्टर हेही वेगळं हवं. माझ्या मते रेसिपी चुकली तर एक लोफ वाया जातो. गिरणी चुकली तर माणूस आजारी पडतो. मेसेज लिहिणाऱ्याने सगळा भर रेसिपीवर दिला आहे.

सगळ्यांनी ग्लुटेन सोडावं याला आधार नाही. ज्यांना गहू बाधत नाही त्यांनी खुशाल चपाती खावी; कॉर्नफ्लोअरचा ब्रेड आपोआप पौष्टिक होत नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी मात्र आधी तपासणी करावी, मग गहू सोडावा. टीटीजी ही रक्तचाचणी आणि लागली तर बायोप्सी गहू खाण्यात असतानाच करावी लागते. आधीच सोडला तर अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो आणि निदान लांबतं.

हा ब्रेड दुसऱ्या दिवशीच कोरडा पडतो. पूर्ण गार झाल्यावर काप करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागेल तसा तव्यावर भाजा. मिसळीबरोबर खाणार असाल तर तर्री करण्याआधी हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा; बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.