वीस किलोमीटर आणि एक शू

पुण्याहून फोन आला की नातेवाईक हमखास पांढऱ्या अस्वलाची चौकशी करतात. अस्वलं आहेत, म्हणून बंदूकही सोबत असते. पण अस्वल क्वचित भेटतं, पोराची शू दर खेपेला भेटते.

आम्ही राहतो पाँड इनलेटला, कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात, बॅफिन बेटाच्या उत्तर काठावर. इथून कुठल्याही गावाला रस्ता जात नाही. जुलैपर्यंत समुद्र गोठलेला असतो, तोच आमचा हमरस्ता. एप्रिलमध्ये ऊन भरपूर आणि पारा उणे वीसच्या आसपास आला की घरंच्या घरं मासे धरायला बाहेर पडतात. वीस किलोमीटर जायचं, भोकात गळ सोडून बसायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं. यात अवघड असं काहीच नाही, फक्त घरातून निघता आलं पाहिजे.

कारण घरात वर बावीस, बाहेर खाली बावीस. कपडे चढवताना घाम आला तर तोच घाम बर्फावर अंगातली ऊब पिऊन टाकतो. म्हणून क्रम ठरलेला. आधी सगळ्यांची शू. मग अंगालगत लोकरीचा थर (सुती बनियन बाद, आजीनं कितीही मायेनं पाठवलेलं असो), त्यावर फ्लीस, मग स्नोपँट, मग बूट. पार्का (टोपीचा जाड कोट) आणि मिटन (अंगठा सोडून बाकी बोटं एकत्र राहणारा जाड हातमोजा) मात्र पडवीत, जिथे हीटर नसतो. धाकट्याला सर्वांत शेवटी कोंबायचं, कारण तो आधी घामेजतो आणि आधी रडतो. शेवटची चेन हनुवटीपर्यंत गेली की मघाशी ‘मला नाही आली’ म्हणणाऱ्याला येते.

तोवर बाहेर मशीन, म्हणजे बर्फावरची स्नोमोबाईल, गरम होत असतं. त्याचा मागचा भाग उचलून आपटायचा, नाहीतर पट्टा बर्फाला चिकटलेलाच राहतो. मागची घसरगाडी, म्हणजे कामुतिक, तीही खालच्या पट्ट्यांशी गोठलेली असते. तिचं नाक दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हिसडून सोडवायचं. तसाच जोर लावून ओढली तर दोर तुटतो किंवा आकडा. कामुतिकला एकही खिळा नसतो. आडव्या फळ्या दोरीनं बांधलेल्या असतात, त्यामुळे उंचसखल बर्फावर ती लवते. खिळे ठोकले की पहिल्याच खडबडीत पट्ट्यात लाकूड चिरतं. वर प्लायवूडची पेटी, पेटीत कॅरिबूचं, म्हणजे इथल्या रेनडिअरचं, कातडं, केस वरच्या बाजूला, आणि त्यावर पोरं. हे केस पोकळ असल्यामुळे ऊब उत्तम धरतात. तितक्याच उत्तम रीतीनं ते गळतात, चहात, पोळीत, तोंडात. दोर पाच-सहा मीटर लांब हवा, म्हणजे इंजिनाचा धूर पेटीत शिरत नाही. मात्र थांबताना वेग हळूहळू कमी करून थोडं बाजूला वळावं, नाहीतर मागून सगळं कुटुंब येऊन पाठीवर आदळतं.

पेट्रोलचा हिशेब तिनात: एक भाग जायला, एक यायला, एक चुकायला. जुनं टू-स्ट्रोक मशीन असेल तर वीस लिटरच्या कॅनमध्ये चारशे मिलिलिटर तेल. सुटे स्पार्क प्लग आणि इंजिनाचा सुटा बेल्ट सीटखाली. किनाऱ्याजवळ भरती-ओहोटीनं बर्फाला भेगा पडतात. त्या आडव्या, काटकोनातच ओलांडायच्या. तिरकं गेलं तर घसरगाडीची एक पट्टी आत आणि सासूबाई बाहेर.

भेग ओलांडली की पेटीतून आवाज येतो. आता इथे कृती अशी: मशीन वाऱ्याला आडवं लावायचं, पोराला त्याच्या आडोशाला उभं करायचं, वाऱ्याकडे पाठ. मिटन काढल्यावर ती बर्फावर ठेवायची नाही, पोराच्या गळ्यातल्या दोरीला लटकू द्यायची. सुटी मिटन वाऱ्यानं दिसेनाशी व्हायला वेळ लागत नाही. सलग एकाच तुकड्याचा सूट दिसायला झकास, पण मुलींसाठी तो घेणाऱ्याला मी तरी पालक म्हणणार नाही. एकाचं उरकलं की बाकीच्यांनाही येते. शेजारच्या इनुइट, म्हणजे इथल्या मूळच्या, आज्या पाच नातवंडं घेऊन निघतात, अमाउतीत (पाठीवर मूल ठेवायची सोय असलेल्या पार्कात) पाठीशी सहावं, आणि आमच्याआधी पोचून मासे कापतही असतात. काय शिस्त आहे ते विचारलं की नुसत्या हसतात.

खाण्याचं सोपं आहे. पोळीचा रोल पार्काच्या आत, छातीशी, नाहीतर जेवायच्या वेळी त्याचा पापड झालेला असतो. चिवडा मिटन घालून खाता येत नाही, म्हणून आणूच नये. लाडू उत्तम, पण तोही खिशातच. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी घालून तो तापवावा, मग चहा. बर्फ वितळवताना भांड्याच्या तळाला घोटभर पाणी लागतं, नाहीतर पाण्याला करपट वास येतो. आणि स्टोव्हचं इंधन, म्हणजे नॅफ्था, बोटांवर सांडू देऊ नका. तो या थंडीत द्रवच राहतो, झपाट्यानं उडतो आणि बोट जागच्या जागी गोठवतो.

परतल्यावर बुटांतले नमदे काढून वाळत घालायचे, मशीनची टाकी त्याच रात्री भरायची. मग प्रत्येकाला गरम पाण्याची आंघोळ हवी असते. पाणी ट्रकनं टाकीत येतं आणि सांडपाणीही ट्रकच उपसून नेतो; सांडपाण्याची टाकी भरली की लाल दिवा लागतो आणि घरातला पंप आपोआप बंद पडतो. म्हणून शनिवारी निघण्याआधी भिंतीवरच्या लाल दिव्याकडे बघून निघावं, आणि पहिला नंबर कोणाचा हे भांडण बर्फावरच मिटवून यावं.