पडदा एकाच बाजूला

जर्मनीतल्या फ्रायबुर्गला आल्यापासून मी रोजनिशी ऑनलाइन लिहिते. इथल्या शेजाऱ्यांना, ऑफिसातल्या कुणाला मराठीतलं ओ की ठो कळत नाही, या भरवशावर मी अगदी मोकळेपणाने लिहीत गेले. मराठीचा पडदा या बाजूने जाड होता. पण साताऱ्याकडून बघणाऱ्याला तो नव्हताच, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी आत्याच्या गाठीचा रिपोर्ट आला, त्या रात्री मी घाबरून सगळं लिहून काढलं. नाव टाकलं नाही, नुसतं ‘आत्या’ म्हटलं. मला आत्या एकच आहे. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. “अगं, मी पोरांनाही अजून सांगितलं नव्हतं.” आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

गणपतीत घरी गेले तेव्हा यावरून वाद झाला. भाऊ म्हणाला, प्रायव्हसी ही युरोपची चैन; आपली दारं उघडीच असतात. मला हे पटत नाही. ओसरीवर येणारा माणूस आपल्याकडेही विचारल्याशिवाय माजघरात शिरत नसे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं, ते भारतातल्याच माणसांसाठी. डिजिटल माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात तर आमच्यासारख्यांचंच उदाहरण दिलंय: आपली मतं लिहिताना कुणी स्वतःची माहिती समाजमाध्यमावर जाहीर केली, तर त्या माहितीला हा कायदा लागू नाही. ठीक आहे. पण ती स्वतःची असायला हवी. आत्याची गाठ माझी नव्हती.

युरोपात हा प्रश्न फार आधी कोर्टात गेला. स्वीडनमधल्या एका चर्चची सेविका घरच्या कॉम्प्युटरवर वेबपानं करायची. त्यात तिने अठरा सहकाऱ्यांबद्दल हलकंफुलकं लिहिलं. एकीच्या पायाला दुखापत झाली असून ती अर्धवेळ रजेवर आहे, हेही त्यात आलं. ६ नोव्हेंबर २००३ ला युरोपीय न्यायालयाने ठरवलं की असंख्य लोकांना उघडता येईल असं लेखन ‘घरगुती’ म्हणून माहिती-संरक्षणाच्या नियमांतून सुटत नाही, आणि दुखावलेला पाय ही आरोग्याची माहितीच आहे. मला हा निकाल आधी अतिरेकी वाटायचा. आत्याच्या फोननंतर वाटत नाही.

तरी इथलं सगळं मला आवडतं असं नाही. आमच्या जिन्यातले एक आजोबा तीन आठवडे हॉस्पिटलात होते आणि कुणाला पत्ता नव्हता. आत्याच्या ऑपरेशननंतर मात्र वाड्यातल्या बायकांनी महिनाभर पाळीपाळीने डबे पोचवले. फक्त, त्यांना तिने स्वतः सांगितलं होतं, मुलांशी बोलून झाल्यावर.

आता पडदा या बाजूनेही गेलाय. शेजारीण फोनवर भाषांतर करून माझ्या नोंदी वाचते, तिनेच प्रेमाने सांगितलं.

परवा आत्यावर पुन्हा लिहिलं आणि आधी तिला फोनवर वाचून दाखवलं. डॉक्टरांचं वाक्य तिने काढायला लावलं. शेवग्याच्या आमटीचं राहू दे म्हणाली.