नोटरी केलेला कागद म्हणजे इंजेक्शनची परवानगी नव्हे

‘भारतात इच्छामरण कायदेशीर झालंय. नोटरी केलेला कागद दाखवला की डॉक्टर इंजेक्शन देऊन सोडवतात. कागद नसेल तर मुलांची सही पुरते.’ हा मेसेज सध्या भलताच फिरतोय. त्यात नोटरी तेवढा खरा आहे.

आधी इंजेक्शन. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला मान्यता दिली ती उपचार सुरू न करण्याला किंवा थांबवण्याला. जीव घेण्यासाठी औषध टोचणं आजही गुन्हाच. सज्ञान रुग्णाने हात जोडून विनवलं असलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मधल्या पाचव्या अपवादामुळे खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरू शकतो, एवढीच सूट. औषध हातात देऊन ‘तुम्हीच घ्या’ म्हटलं तर कलम १०८ आहे: १० वर्षांपर्यंत कैद.

आता कागद, म्हणजे पुढे बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेला. २०१८ च्या नियमांत त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, त्यामुळे तो जवळपास कुणी करतच नसे. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर काम भागतं. पण कागद लागू होतो रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल आणि आजार बरा होण्याची आशा उरली नसेल तेव्हाच. शुद्धीवरचा रुग्ण व्हेंटिलेटर नको म्हणाला तर त्याचा शब्दच पुरेसा. तिथे कागद काढायची गरज नाही.

मुलांची सही लागते, पण ती पुरत नाही. कागद असो वा नसो, दोन वैद्यकीय मंडळांचा होकार लागतो. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात तीन वेगळे डॉक्टर, त्यातला एक जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला. दोघांनीही शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. मग न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. परवानगी मागायची नाही, फक्त कळवायचं. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालय. हे सगळं टाळायला ‘आम्ही आमच्या जबाबदारीवर घरी नेतो’ असं लिहून देणारे खूप. मग घरी ना ऑक्सिजन, ना वेदनाशामक, आणि रुग्ण धापा टाकत जातो. व्हेंटिलेटर काढला तरी धाप आणि वेदना यांवरचे उपचार शेवटपर्यंत चालू ठेवायचे असतात.

‘मॉर्फिन म्हणजे हळूहळू मारणंच’ ही याच मेसेजची शेपटी. मॉर्फिन हे तीव्र वेदनांवरचं औषध. ते लहान डोसपासून सुरू करून वेदना पाहत वाढवतात. डोस जास्त होऊ लागला की सहसा आधी गुंगी चढते आणि श्वास मंदावतो तो नंतर, म्हणून लक्ष ठेवून डोस वेळीच कमी करता येतो.

कागद करायचाच तर ‘मला त्रास नको’ असं मोघम लिहू नका. आयसीयूत त्याचा अर्थ कुणालाच लावता येत नाही. कोणत्या परिस्थितीत व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय सुरू करणं नको, ते स्पष्ट लिहा. तुमच्या वतीने बोलणाऱ्या एकाहून जास्त व्यक्तींची नावं घाला. एक प्रत त्यांना, एक फॅमिली डॉक्टरला, एक महापालिका किंवा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला द्या. बँकेच्या लॉकरमधली प्रत रात्री दोन वाजता सापडत नाही.