नैसर्गिक आहे म्हणून कुत्र्याच्या तोंडात काहीही?

बडोद्यातल्या मराठी घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. दांडिया बाजारातल्या काकूंकडून तो मांजलपूरच्या वहिनींकडे जातो, तिथून पुण्याच्या भाचीकडे, आणि संध्याकाळपर्यंत फिरून पुन्हा आपल्याकडे येतो. मजकूर थोडक्यात असा: कुत्र्याच्या खेळण्यांवर टॉयलेटच्या सीटपेक्षा जास्त जंतू असतात. ती साबणाने धुऊ नका, साबण म्हणजे केमिकल. व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून त्यात बुडवा, पार्वोसुद्धा (कुत्र्यांचा जीवघेणा विषाणू) मरतो. धुण्याच्या पाण्यात टी ट्री किंवा निलगिरीच्या तेलाचे थेंब टाका, नाहीतर कापूर. दोरीची खेळणी मीठ-हळदीच्या पाण्यात रात्रभर ठेवा. मग दिवसभर कडक ऊन. ब्लीचला हातही लावू नका. सगळं घरातलं, म्हणून शंभर टक्के सुरक्षित. शेवटी जोडलेले हात आणि ‘सर्व प्राणिमित्रांना पाठवा’.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आहे, आणि घरात रबरी हाड चावत बसणारा एक देशी कुत्रा आहे. तेवढ्या अधिकारावर एकेक मुद्दा घेते.

जंतूंचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. टॉयलेटच्या सीटशी तुलना हा अशा मेसेजांचा आवडता मसाला आहे, तो सोडून देऊ. पण २०११ साली एनएसएफ इंटरनॅशनल या अमेरिकन संस्थेने २२ कुटुंबांच्या घरातल्या वस्तू तपासल्या, तेव्हा सर्वांत अस्वच्छ वस्तूंच्या यादीत पाळीव प्राण्यांची खाण्या-पिण्याची भांडी चौथी आणि खेळणी सातवी आली होती. पहिला नंबर कुणाचा? भांडी घासायच्या स्पंजचा. म्हणून खेळणी त्या स्पंजने घासू नका. दातांचा जुना ब्रश त्यासाठी वेगळा ठेवा, खाचाखोचांत तोच शिरतो.

आता ‘साबण म्हणजे केमिकल’. पांढऱ्या व्हिनेगरची बाटली घरात असेल तर तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त बाटल्यांवर ‘सिंथेटिक’ लिहिलेलं असतं, म्हणजे ते ॲसिटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेलं असतं, फळाच्या रसातून आंबवलेलं नसतं. त्यात वाईट काही नाही. फक्त ‘नैसर्गिक’ म्हणून आपण जे ओततोय तेही कारखान्यातूनच आलंय. उलट मांडवीकडच्या गांध्याच्या, म्हणजे काष्ठौषधी विकणाऱ्याच्या, दुकानात मिळणारे अरीठे (आपले रिठे) खरोखर झाडाचे. त्यांतलं सॅपोनिन साबणासारखंच तेलकट घाण पाण्यात सोडवतं आणि उत्तम सोडवतं. पण तेच अरीठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर आग होते आणि कुत्र्याच्या पोटात गेलं तर ओकारी होते. झाडाचं असो की कारखान्याचं, काम तेच आणि अटही तीच: शेवटी भरपूर पाण्याने खळबळून काढायचं. भांड्यांचा साधा, फारसा वास नसलेला साबण, कोमट पाणी, ब्रश आणि स्वच्छ धुणं यात रोजची नव्वद टक्के कामं उरकतात असं माझं मत आहे. कंटाळवाणं आहे, म्हणून कुणी फॉरवर्ड करत नाही.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र करायचा मुद्दा वाचून मात्र माझ्यातली शाळेतली बाई जागी झाली. व्हिनेगर आम्ल, खाण्याचा सोडा सौम्य अल्कली. दोन्ही एकत्र आले की होतं सोडियम ॲसिटेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. जो फेस बघून आपण खूश होतो तो या वायूचा. एक चमचा सोडा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, ४ टक्क्यांच्या सुमारे ९० मिलिलिटर व्हिनेगरला पुरता निकामी करतो, आणि स्वतःही निकामी होतो. बादलीत उरतं ते किंचित खारट पाणी. फेसाच्या बुडबुड्यांनी एखाद्या भेगेतली घाण थोडी सैल होते, तेवढं मान्य. पण दोन मजुरांना एकमेकांशी झुंजवायचं आणि भिंत आपोआप उभी राहील म्हणायचं, त्यातला हा प्रकार. आणि हे मिश्रण ‘रोज वापरायला’ बाटलीत भरून झाकण घट्ट लावू नका. वायू कोंडला की बाटली फुटते.

दोघांना वेगवेगळं वापरलं तर दोघेही कामाचे. खेळण्याला कुबट वास येत असेल तर ओल्या सोड्याने घासून धुवावं. बोअरच्या जड पाण्याने स्टीलच्या भांड्यावर किंवा कडक प्लॅस्टिकवर पांढरे थर बसतात, ते व्हिनेगरने निघतात.

सोड्याबद्दल आणखी एक, आणि हे मला मेसेजमधलं सर्वांत बेफिकीर वाक्य वाटलं, कारण त्यात नुसतंच ‘सोडा’ म्हटलंय. आपल्याकडे किराणावाल्याकडे साजीनां फूल मागितलं तर खाण्याचा सोडा मिळतो आणि धुण्याचा सोडा मागितला तर वेगळीच पूड. दिसायला दोन्ही पांढऱ्या. पहिल्याच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, जितका जास्त तितकं अल्कली तीव्र) सव्वाआठच्या आसपास, दुसऱ्याचा अकराच्या घरात. धुण्याच्या सोड्याने हात चरचरतात. नीट न धुतलेल्या खेळण्यावर तो राहिला तर कुत्र्याची जीभ आणि हिरड्या भाजू शकतात. घरात धुण्याचा सोडा उघड्या डब्यात असेल तर आजच त्यावर चिठ्ठी लावा.

‘व्हिनेगरने पार्वोसुद्धा मरतो.’ नाही. या एका वाक्यापायी एखाद्या घरातलं पिल्लू जाऊ शकतं, म्हणून जरा थांबते. पार्वो हा विषाणू १९७८च्या सुमारास ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. त्याच्याभोवती चरबीचं आवरण नसतं. ज्या विषाणूंना असं आवरण असतं ते साबणाने, अल्कोहोलने चटकन मोडतात. पार्वो मोडत नाही. सॅनिटायझर, व्हिनेगर, लिंबू, कडुनिंबाचं पाणी यांपैकी कशावरही भरवसा ठेवता येत नाही, आणि सावलीतल्या, ओलसर जागेत तो महिनोन्‌महिने तग धरतो. लस न झालेल्या पिल्लांना रक्ताचे जुलाब आणि उलट्या सुरू होतात आणि दोन-चार दिवसांत खेळ संपू शकतो. म्हणून पार्वो झालेल्या कुत्र्याची खेळणी दुसऱ्या पिल्लाला देण्याआधी ब्लीचच लागतं. ज्या गोष्टीला हात लावू नका म्हणून मेसेज सांगतो, नेमकी तीच.

मात्र रीतसर. आधी साबणाने घासून घाण काढायची, कारण लाळ, अन्न, माती यांच्यात क्लोरीन वाया जातं. मग ५ टक्क्यांच्या ताज्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग. बाटली जुनी किंवा कमी टक्क्याची असेल तर पाणी कमी घ्यायचं. दहा मिनिटं पूर्ण बुडवून ठेवायचं, खळबळून धुवायचं, वास जाईपर्यंत वाळवायचं. आणि ब्लीचमध्ये ‘जोर वाढावा’ म्हणून व्हिनेगर किंवा लिंबूफूल (सायट्रिक आम्ल) घालू नका, संडास धुवायच्या आम्लाच्या बाटलीजवळही नेऊ नका. क्लोरीन वायू सुटतो, बंद मोरीत जीव गुदमरतो. लघवीने भिजलेली गादीही आधी धुऊन मगच ब्लीचमध्ये, कारण अमोनियाशीही त्याचं पटत नाही. पार्वो झालेल्या कुत्र्याची दोरीची आणि कापडाची खेळणी धुण्याच्या भानगडीत पडू नका. पिशवीत बांधून टाकून द्या.

तेलं आणि कापूर. टी ट्री तेल बाटलीवर पानं छापलेली असतात म्हणून निरुपद्रवी वाटतं. अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्राच्या २००२ ते २०१२ या काळातल्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१४ साली पशुवैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात या शुद्ध तेलाच्या विषबाधेच्या ४४३ केसेस होत्या, ३३७ कुत्रे आणि बाकी मांजरं. लाळ गळणं, सुस्ती, पाय लटपटणं, थरथर ही लक्षणं. आणि बहुतेक वेळा तेल मालकांनीच लावलं होतं, खाज किंवा गोचिडांवरचा उपाय म्हणून. बादलीभर पाण्यात दोन थेंब म्हणजे ते प्रमाण नव्हे, हे खरं. पण तेल पाण्यात विरघळत नाही. ते वर तरंगतं आणि रबराला जाऊन चिकटतं, आणि रबर कुत्रा तासभर चघळतो. निलगिरीचंही तेच.

कापूर तर देवघरातला, त्यामुळे त्याच्यावर संशय घ्यायला कुणी तयार नसतं. लहान मुलाने तो गिळला तर झटके येतात हे डॉक्टरांना जुनं ठाऊक आहे. कुत्र्याच्या बाबतीतही तीच भीती. आणि आज पुडीत मिळणारा बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो, तेव्हा ‘नैसर्गिक’चा दाखलाही नाही. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या ही आणखी जहाल गोष्ट. एका काकांनी त्या खेळण्यांच्या टोपलीत टाकल्याचं ग्रुपवर अभिमानाने लिहिलं होतं. काका, कृपा करून काढा.

मीठ-हळदीचं पाणी. हळदीने दोरी पिवळी होईल आणि सोफाही, याहून मोठा अपराध तिच्यावर लादत नाही. मिठाचं जरा पाहावं लागतं. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे दोन-तीन ग्रॅम मीठ पोटात गेलं की उलट्या, तहान आणि पुढे झटक्यांपर्यंत गोष्ट जाऊ शकते. पाच किलोच्या पिल्लाला म्हणजे दहा-पंधरा ग्रॅम. मूठभर मीठ घातलेल्या पाण्यात रात्रभर फुगलेली सुती दोरी न धुता वाळवली तर मीठ तिच्यातच राहतं. मोठ्या लॅब्राडोरला त्याने काही होणार नाही, पिल्लाच्या बाबतीत मी ती परीक्षा बघणार नाही. दोरी साबणाच्या गरम पाण्यात धुऊन घट्ट पिळावी. सुतं निघायला लागली की ती फेकावी, कारण लांब धागा आतड्यात अडकला तर प्रकरण ऑपरेशनवर जातं.

उन्हाचं काय? बडोद्याचा मे महिना म्हटल्यावर वाटतं की गच्चीवर ठेवलं की सगळं भाजून निघेल. ऊन चांगलं आहे, मुख्यतः वाळवायला. अतिनील किरणं पृष्ठभागापुरती. पोकळ खेळण्याच्या आत ती पोचत नाहीत, आणि ओल व बुरशी नेमकी तिथेच. शिवाय नैसर्गिक रबर रोज कडक उन्हात राहिलं की कडक होतं, त्याला भेगा पडतात, तुकडे निघतात आणि कुत्रा ते गिळतो. तासा-दोन तासांत उचलून सावलीत ठेवावं. श्रावणात ऊनच नसतं, तेव्हा पंख्याखाली.

पावसाचा विषय निघाला म्हणून एवढं. २०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी बडोदा शहरात शिरली, मगरी सोसायट्यांच्या दारात आल्या. त्यानंतर हा मेसेज पुराच्या पाण्यात भिजलेल्या खेळण्यांसाठीही फिरवला गेला. त्या पाण्यात गटार मिसळलेलं असतं, जनावरांची लघवी असते, लेप्टोस्पायरोसिस अशाच पाण्यातून होतो. तिथे व्हिनेगर आणि हळद यांचं काही काम नाही. भरीव रबराचं किंवा कडक नायलॉनचं खेळणं हातमोजे घालून साबणाने घासा, वर सांगितलेल्या ब्लीचमध्ये ठेवा, धुवा, पूर्ण वाळवा. दोरी, कापूस भरलेली बाहुली, भेगा पडलेला चेंडू टाकून द्या. दाबल्यावर आवाज करणारं खेळणं एकदा पिळून बघा. आतून पाणी आलं तर तेही टाका.