निपल वर आहे का, ते आधी बघा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पिकअपच्या पुढच्या ब्रेकवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की पॅड बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आणि कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) कुठे, कसा बसलाय हे बघत बसणं म्हणजे वेळकाढूपणा. तुमचे मुद्दे दोन. पॅड बदलताना ब्रेक ऑइलची लाइन उघडतच नाही, मग निपल (कॅलिपरवरची हवा काढायची छोटी तोटी) वर असला काय नि खाली असला काय? आणि डाव्या बाजूचा कॅलिपर उजवीकडे बसतच नाही.

पहिला मुद्दा नुसत्या पॅडपुरता मान्य. लाइन बंद राहिली तर हवा शिरायचं कारण नाही. पण वर्षानुवर्षं माल वाहिलेल्या बोलेरो पिकअपचं पुढचं चाक खोला. पॅड ढकलणाऱ्या पिस्टनवरचं रबर फाटलेलं, कॅलिपर जिच्यावर सरकतो ती गाइड पिन गंजून धरलेली, कॅलिपरला ऑइल पोचवणाऱ्या होस पाइपला चिरा, यातलं काहीतरी निघतंच. मग कॅलिपर नाहीतर होस बदलावा लागतो, लाइन उघडते आणि हवा काढणं आलं. हवा ऑइलमधून वरच चढणार. निपल खालच्या अंगाला असेल तर त्यातून स्वच्छ ऑइल येत राहतं, आपण समाधानानं निपल आवळतो आणि बुडबुडा कॅलिपरमधल्या सिलिंडरच्या माथ्यावर तसाच बसून राहतो. ऑइल दबत नाही, हवा दबते. म्हणून पेडल मऊ. ऑइलच्या कितीही बाटल्या संपवा, फरक पडत नाही.

आता ‘बसतच नाही’बद्दल. काही गाड्यांत नाहीच बसत. पण सरकत्या कॅलिपरच्या कित्येक जोड्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात आणि बोल्टच्या भोकांमधलं अंतर दोन्हीकडे सारखंच. असा कॅलिपर विरुद्ध बाजूला बिनबोभाट बसतो, चाकही फिरतं. जुन्नरकडून माळशेज उतरून कल्याणला टोमॅटो नेणारी एक पिकअप मी पाहिली आहे. आधीच्या दुरुस्तीत दोन्ही कॅलिपर एकदम काढून, रॉकेलनं धुऊन शेजारी-शेजारी ठेवले होते. (रॉकेलचा वेगळाच ताप, ब्रेकची रबरं त्यानं फुगतात.) बसवताना अदलाबदल झाली. पेडल खाली जातंय म्हणून मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा पंप) संशय, तोही नवा घातला. दोन्ही निपल जमिनीकडे तोंड करून होते, तिकडे कुणी वाकून पाहिलंच नव्हतं.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की पाना लावण्याआधी बघा. चाक काढलं, गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर घेतली, की मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढा. निपल वरच्या टोकाला हवा. मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून होस ताणला जातो का, पिळला जातो का ते पाहा. उलटा बसलेला कॅलिपर बऱ्याचदा इथेच सापडतो. एका वेळी एकच बाजू खोला म्हणजे दुसरी नमुन्याला राहते. नव्या कॅलिपरवरच्या ‘एल’, ‘आर’ अक्षरांवर डोळे झाकून विसंबू नका. कॅलिपर काही गाड्यांत ॲक्सलच्या पुढच्या अंगाला असतो, काहींत मागच्या. मागे बसणारा डावा कॅलिपर पुढच्या अंगाला न्यायचा झाला तर निपल खाली येतो, तिथे उजवाच लागतो. दुसऱ्या गाडीचा नकल (चाक धरणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग) किंवा कॅलिपरचा ब्रॅकेट जुन्या बाजारातून आणून बसवलेला असेल तर हे हमखास आडवं येतं.

अदलाबदल सापडलीच तर दोन्ही कॅलिपर आपापल्या जागी न्यायचे, होसच्या बोल्टला तांब्याचे वॉशर नवे घालायचे, मग हवा काढायची. रस्त्यात अडकलात तर कॅलिपर सोडवून, पॅडांच्या मध्ये डिस्कएवढ्या जाडीचा लाकडी तुकडा धरून, निपल वर करून हवा काढता येते. तुकडा विसरलात तर पिस्टन बाहेर येईल. गाडी गॅरेजपर्यंत न्यायला हा उपाय ठीक, माल भरून घाट उतरायला नाही.

जाता जाता तुम्ही डिस्क कधी बदलायची हेही विचारलंत. बहुतेक डिस्कवर किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. गंज घासून आकडा वाचा आणि जाडी मायक्रोमीटरनं मोजा. साध्या व्हर्नियरचे जबडे कडेच्या न झिजलेल्या कंगोऱ्यावर टेकतात आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात.